काट्याचा प्रोग्राम नवीन उबुंटूवर चालंना, फाइल समोर असून नॉट फाउंड म्हणायलंय

मोंढ्यातला_लातूर

रामराम मंडळी. लातूरला मोंढ्याजवळ आमच्या पाहुण्यांचा ट्रकचा वजनकाटा हाय, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. जुन्या पीसीवर उबुंटू १६.०४ होतं, ३२ बिट, त्याच्यावर काट्याचा प्रोग्राम वर्षानुवर्षं बिनातक्रार चालला. टर्मिनलमधेच चालणारा प्रोग्राम हाय, गाडी नंबर टाकायचा, इंडिकेटरवरनं वजन केबलनं आपोआप यायचं, भरलेली गाडी अन रिकामी गाडी दोन्ही झालं की डॉट मॅट्रिक्सवर पावती. आता लाइटच्या ये-जा मधे हार्ड डिस्क बसली. प्रोग्रामचा आख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवलेला होता तेवढं वाचलं.

नवीन पीसी अन एसएसडी घेऊन ६४ बिट उबुंटू २४.०४ टाकलं, फोल्डर /ऑप्ट/काटा मधे कॉपी केला अन चालवलं तर हे यायलंय:

बॅश: ./काटा: कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड

आता फाइल तर समोर दिसायलीय, एलएस मारलं की नाव येतंय, सीएचमॉड +एक्स पण केलं, तरी तेच. एकानं सांगितलं एलडीडी लावून बघ कोणती लायब्ररी (प्रोग्रामला लागणारी वेगळी फाइल) नाही ते कळंल, तर एलडीडी म्हणतंय नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल. म्हणजे नेमकं काय समजायचं?

ज्यांनी प्रोग्राम दिला होता ते म्हणतात जुन्याला सपोर्ट नाही, नवीन विकत घ्या, अन त्याचा जो आकडा सांगितला तो सध्या आमच्या आवाक्यातला नाही. इकडं सोयाबीनची आवक जोरात चालू झालीय, गाड्यांची लाइन लागायलीय अन आम्ही हातानं पावती लिहायलोय. शेतकऱ्याला छापील पावती पाहिजे असते अन त्याचं ते बरोबरच हाय, वर्षाचा माल हाय त्याचा. एका व्हिडिओत बघितलं की लायब्ररी सापडत नसंल तर दुसऱ्या व्हर्जनला एलएन -एस करून त्या नावाची लिंक बनवायची, तसं करू का? कुणाला माहीत असंल तर सांगा, लै अडलंय.

---

बालाघाट

१६.०४ च परत टाका की, कशाला डोक्याला ताप. जुनी आयएसओ मिळते अजून.

---

गोदाकाठ_नांदेड

मोंढ्यातला भाऊ, लिंक बिंक काही बनवू नका अजून, आधी रोग काय ते बघू. (मी मोबाइलवरून लिहायलोय म्हणून कमांड पण देवनागरीत टाकतोय, तुम्ही टर्मिनलमधे इंग्रजी लहान अक्षरात टाका.)

तुमचा एरर फसवा आहे, वाचताना वाटतं की काटा नावाची फाइलच सापडंना, पण तसं नाही. लिनक्समधे प्रोग्राम चालू होताना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्या फाइलच्या आत बघतो, तिथं लिहिलेलं असतं की मला चालू करायला अमुक एक लोडर (प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ररी मेमरीत आणणारा) लागतो, ६४ बिट प्रोग्रामला /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ आणि ३२ बिटला /लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२. तो लोडरच मशीनवर नसला की कर्नल म्हणतो फाइल नाही, आणि ती 'फाइल' म्हणजे लोडर, तुमचा प्रोग्राम नव्हे. जुन्या बॅशमधे तर यालाच नुसतं नो सच फाइल ऑर डिरेक्टरी यायचं, लोक येडे व्हायचे. बॅश ५.२ पासून निदान रिक्वायर्ड फाइल म्हणतंय, तुमच्या २४.०४ मधे तेच आहे म्हणून तुम्हाला हा मेसेज दिसला.

एलडीडीचं पण तेच. ३२ बिटचा लोडर नसला की एलडीडीला ती फाइल उघडताच येत नाही आणि ते सरळ नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल म्हणून मोकळं होतं.

खात्री करायला हे चालवा आणि जे येईल ते इथं टाका:

फाइल ./काटा

त्यात ईएलएफ ३२-बिट आणि इंटेल ८०३८६ असं आलं तर माझा अंदाज बरोबर. मग हे करा:

सुडो डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर आय३८६
सुडो एप्ट अपडेट
सुडो एप्ट इन्स्टॉल लिबसी६:आय३८६ लिबएसटीडीसी++६:आय३८६

कोलनच्या पुढचं आय३८६ विसरू नका, ते नाही टाकलं तर ६४ बिटवालंच आधीपासून आहे म्हणून सांगंल आणि तुम्हाला वाटंल झालं.

बालाघाट भाऊ, १६.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२१ च्या एप्रिलमधेच संपला. काट्याचं मशीन नेटला लावायचं नसंल तर चालून जाईल, पण नवीन मदरबोर्डवर तेवढा जुना कर्नल ग्राफिक आणि लॅन ओळखंल याची शाश्वती नाही, आणि पुढच्या वेळी परत हेच. आता अडचण समोर आहे तर तिचा निकाल लावलेला बरा.

---

मोंढ्यातला_लातूर

सर तुमचा अंदाज बरोबर निघाला, फाइल कमांडनं ३२-बिट अन ८०३८६ दाखवलं, पुढं इंटरप्रिटर /लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२ असं पण लिहिलंय, तुम्ही म्हणलात तेच. सगळं इन्स्टॉल केलं. आता एरर बदलला:

./काटा: एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबएनकर्सेस.एसओ.५: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

एलडीडी पण आता बोलायलंय:

लिबएनकर्सेस.एसओ.५ => नॉट फाउंड
लिबटिन्फो.एसओ.५ => नॉट फाउंड
लिबकाटा.एसओ.१ => नॉट फाउंड
लिबएसटीडीसी++.एसओ.६ => /लिब/आय३८६-लिनक्स-जीएनयू/लिबएसटीडीसी++.एसओ.६
लिबसी.एसओ.६ => /लिब/आय३८६-लिनक्स-जीएनयू/लिबसी.एसओ.६

एप्ट इन्स्टॉल लिबएनकर्सेस५:आय३८६ केलं तर अनेबल टू लोकेट पॅकेज. लिबएनकर्सेस६ मात्र मिळायलंय. मग ६ टाकून ५ नावाची लिंक करू का? व्हिडिओत हेच होतं.

---

गोदाकाठ_नांदेड

नका करू. हे जरा सविस्तर सांगतो कारण ही लिंकवाली युक्ती जिथं तिथं सांगतात आणि त्याच्यानं लोकांचं नुकसान होतं.

.एसओ म्हणजे लिनक्समधली लायब्ररीची फाइल, त्याच्या पुढचा जो आकडा असतो ना, ५, ६, १.१, तो नुसता नवीन-जुनं दाखवायला नसतो. लायब्ररी बनवणारे तो आकडा मुद्दाम तेव्हाच बदलतात जेव्हा आतली रचना अशी बदलते की जुन्यासाठी कंपाइल केलेला प्रोग्राम नव्याबरोबर नीट चालणार नाही. एनकर्सेस, म्हणजे टर्मिनलमधली स्क्रीन मांडणारी लायब्ररी, तिचं ६.० आलं २०१५ मधे, त्यात जास्त रंग आणि माऊसचं व्हील यांच्यासाठी आतल्या डेटाचे आकार बदलले म्हणून ५ चं ६ झालं. तुमचा प्रोग्राम ५ च्या हिशोबानं मेमरीत वाचणार-लिहिणार आणि समोर ६ बसलेली. नशीब चांगलं असलं तर चालू होतानाच मरतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं तसंच होतं बघा, ३ ला १.१ नाव दिलं की लगेच व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड म्हणून थांबतं, आणि थांबतं हे चांगलं असतं. वाईट तेव्हा, जेव्हा ते थांबत नाही आणि चालल्यासारखं दिसतं. तुमच्या स्क्रीनवर वजनाचा आकडा यायचाय. इंडिकेटरला वैधमापनवाल्यांचं सील असतं, तिथला आकडा खराच राहणार, पण पावती निघते ती या प्रोग्राममधून. तिथं एखादा अंक इकडचा तिकडं दिसला तर भांडण काट्यावर होणार आणि नाव तुमच्या पाहुण्यांचं खराब होणार. म्हणून ५ मागतोय तर त्याला ५ च द्यायची.

२४.०४ मधून उबुंटूनं लिबएनकर्सेस५ आणि लिबटिन्फो५ दोन्ही काढून टाकलेत, २२.०४ पर्यंत होते. म्हणून एप्टला सापडंना. पण डेबियन १२ मधे दोन्ही आहेत आणि ३२ बिटचे पण आहेत. डेबियनच्या पॅकेज साइटवर जाऊन बुकवर्म (डेबियन १२ चंच नाव) निवडा, आय३८६ चे दोन्ही डेब, म्हणजे पॅकेजच्या फाइली, उतरवा. आता महत्त्वाचं, ते डेब डबल क्लिक करून इन्स्टॉल करू नका. दुसऱ्या डिस्ट्रोचं पॅकेज सिस्टिममधे घुसवलं की पुढं कधीतरी एप्ट अपग्रेड करताना गुंता होतो. नुसतं उघडा आणि आतली फाइल काढून प्रोग्रामच्या शेजारी ठेवा:

डीपीकेजी-डेब -एक्स डेबचंनाव /टीएमपी/जुनं

दोन्ही डेब त्याच फोल्डरात उघडा, मग आतमधे आय३८६-लिनक्स-जीएनयू नावाचा फोल्डर दिसंल, त्यातल्या लिबएनकर्सेस.एसओ.५ आणि लिबटिन्फो.एसओ.५ ने चालू होणाऱ्या सगळ्या फाइली सीपी -ए करून /ऑप्ट/काटा/लिब मधे न्या. -ए टाकाच, म्हणजे आतल्या लिंका लिंका म्हणूनच जातील.

आणि लिबकाटा.एसओ.१ ही तर कुठल्याच डिस्ट्रोची नाही, प्रोग्राम बनवणाऱ्यांची स्वतःची आहे. ती तुमच्या फोल्डरमधेच असणार. शोधा आणि सांगा.

---

बालाघाट

गोदाकाठ सर एक विचारतो, प्रोग्रामच्या फोल्डरमधेच लायब्ररी असताना त्याला ती दिसत कशी नाही? विंडोजमधे तर डीएलएल शेजारी ठेवली की काम होतं.

---

गोदाकाठ_नांदेड

लिनक्सचा लोडर शेजारी बघतच नाही, तसं कुणी सांगितल्याशिवाय. त्याचा ठरलेला क्रम आहे. आधी प्रोग्रामच्या फाइलमधेच रस्ता कोरलेला असंल, त्याला आरपाथ म्हणतात, तर तिथं, मग एलडी_लायब्ररी_पाथ नावाचं व्हेरिएबल सेट असंल तर तिथं, मग रनपाथ म्हणून आरपाथचाच नवा भाऊ आहे तिथं (रनपाथ असला की आरपाथ बघत नाही), मग /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश नावाच्या यादीत, आणि सगळ्यात शेवटी /लिब आणि /युएसआर/लिब. बस. चालू फोल्डर या क्रमात कुठंच नाही.

ती कॅश म्हणजे सातबाऱ्यासारखी समजा, जमीन तुमच्या ताब्यात असली तरी नोंद नसली की सरकारी दप्तरी तुम्ही मालक नाही. फाइल डिस्कवर आहे पण कॅशमधे नोंद नाही, तर लोडरच्या लेखी ती नाहीच. नोंद एलडीकॉन्फिग लावतं, आणि कुठले फोल्डर बघायचे ते /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मधल्या छोट्या फाइलींत लिहिलेलं असतं. माझा अंदाज असा की जुन्या मशीनवर इन्स्टॉल करणाऱ्यानं तिथं एक फाइल ठेवली असणार, आणि बॅकअप घेताना नुसता प्रोग्रामचा फोल्डर घेतला जातो, /ईटीसी कुणी घेत नाही.

---

मोंढ्यातला_लातूर

सर एनकर्सेस अन टिन्फो दोन्हीचं जमलं, /ऑप्ट/काटा/लिब मधे ठेवले. मग नेटवर बघून हे केलं:

एक्सपोर्ट एलडी_लायब्ररी_पाथ=/ऑप्ट/काटा/लिब

आता एलडीडीत ते दोन्ही सापडायलेत, पण लिबकाटा.एसओ.१ अजून नॉट फाउंडच हाय. अन मजा म्हणजे लायब्ररी त्याच फोल्डरमधे हाय, मी डोळ्यानं बघायलोय! मग तिलाच का नाही सापडत?

---

पूर्णाकाठ

एलएस -एल /ऑप्ट/काटा/लिब चं आउटपुट टाका बरं. नुसतं नाव नका सांगू, जसंच्या तसं टाका.

---

मोंढ्यातला_लातूर

हे बघा दादा, तारखा काढून टाकल्यात:

लिबकाटा.एसओ.१.४
लिबएनकर्सेस.एसओ.५ -> (पुढं मोठं नाव)
लिबटिन्फो.एसओ.५ -> (पुढं मोठं नाव)
आणि त्या दोन मोठ्या नावाच्या फाइली

---

पूर्णाकाठ

सापडलं. नीट बघा, प्रोग्राम मागतोय लिबकाटा.एसओ.१ आणि तुमच्याकडं आहे लिबकाटा.एसओ.१.४. लोडर नावातलं अक्षर न् अक्षर जुळलं तरच घेतो, शेवटचं .४ त्याला चालत नाही. नियम असा असतो की खरी फाइल लांब नावाची, आणि तिच्याकडं बोट दाखवणारी आखूड नावाची सिम्लिंक. एनकर्सेसच्या समोर तुम्हाला बाण दिसतोय ना, तोच बाण लिबकाटाला पण होता, जुन्या मशीनवर. गेला कुठं? पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅट असतात आणि त्या फाइल सिस्टिममधे सिम्लिंक ठेवायची सोयच नाही, कॉपी करताना लिंका गळून पडतात. फाइल मॅनेजर कधी एरर देतो, कधी माणूस स्किप ऑल दाबून पुढं जातो आणि नंतर काम पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या इकडं परभणीला एका जिनिंगच्या ऑफिसात अगदी असाच प्रकार बघितलाय, तिथं तर निम्म्या लिंका गेल्या होत्या.

हाताने लिंक बनवू नका, हे चालवा:

सुडो एलडीकॉन्फिग -एन /ऑप्ट/काटा/लिब

-एन म्हणजे फक्त याच फोल्डरमधे बघ आणि सिस्टिमच्या कॅशला हात लावू नको. प्रत्येक लायब्ररीच्या आत तिचं अधिकृत नाव लिहिलेलं असतं, सोनेम म्हणतात त्याला, ते वाचून एलडीकॉन्फिग आपोआप बरोबर लिंक तयार करतं. गोदाकाठ सर जी लिंक नको म्हणत होते ती वेगळी, ती खोट्या नावाची. ही त्या लायब्ररीच्या स्वतःच्या नावाची आहे, हिला काही अडचण नाही.

---

मोंढ्यातला_लातूर

झालं!! लिंक तयार झाली, एलडीडीत आता एक पण नॉट फाउंड नाही. प्रोग्राम उघडला, स्क्रीन आली जशी पहिली यायची तशी. पण वजन यायना, पोर्ट उघडता येत नाही म्हणतंय, परमिशन डिनाइड. आता नवीन पीसीला सिरियल पोर्ट नाही म्हणून यूएसबी टू सिरियल केबल लावलीय. मग सुडो ./काटा केलं तर परत पहिल्यासारखं लिबएनकर्सेस.एसओ.५ सापडंना म्हणून एरर! सुडो न लावता लायब्ररी सापडते पण पोर्ट नाही, सुडो लावलं की लायब्ररीच गायब. मी पार चक्रावून गेलोय.

---

गोदाकाठ_नांदेड

घाबरू नका, शेवटच्या पायरीवर आलात. सुडो मुद्दाम एलडी_लायब्ररी_पाथ पुसून टाकतं. ते सुरक्षेसाठी आहे, नाहीतर कुणीही त्या व्हेरिएबलमधून आपली खोटी लायब्ररी रूटच्या प्रोग्राममधे घुसवंल. म्हणून त्याच्याशी झगडायचं नाही, सुडोची गरजच काढून टाकायची.

पोर्टसाठी युजरला डायलआउट ग्रुपमधे घाला, यूएसबी सिरियल पोर्ट त्याच ग्रुपचा असतो:

सुडो युजरमॉड -एजी डायलआउट तुमचायुजर

आणि पूर्ण लॉगआउट होऊन परत लॉगिन करा, नुसतं टर्मिनल बंद-चालू करून ग्रुप लागत नाही. कमांडमधला लहान ए आणि मोठा जी दोन्ही पाहिजेत, ए विसरलात तर युजर बाकीच्या ग्रुपमधून बाहेर पडतो, सुडोच्या सुद्धा. पोर्टचं नाव पण बघा, जुन्याला टीटीवायएस० असंल, यूएसबीवाल्याला टीटीवाययूएसबी० असतं, प्रोग्रामच्या सेटिंगमधे बदलावं लागंल.

आता तो एक्सपोर्ट. तो त्या टर्मिनलपुरताच राहतो, उद्या मशीन चालू केली की परत लायब्ररी गायब. बॅशआरसी (टर्मिनल उघडताना दरवेळी वाचली जाणारी फाइल) मधे टाकू नका, मग त्या युजरचा प्रत्येक प्रोग्राम आधी तुमच्या काट्याच्या फोल्डरात लायब्ररी शोधत बसतो. एक छोटी स्क्रिप्ट करा, /ऑप्ट/काटा/चालू.एसएच नावानं, त्यात पहिल्या ओळीत नेहमीचं शीबँग (स्क्रिप्ट कोणत्या शेलनं चालवायची ते सांगणारी ओळ), दुसऱ्या ओळीत सीडी /ऑप्ट/काटा, आणि तिसरी ओळ अशी:

एलडी_लायब्ररी_पाथ=/ऑप्ट/काटा/लिब एक्झेक ./काटा

म्हणजे व्हेरिएबल फक्त या एका प्रोग्रामला लागतो, बाकी कुणाला नाही. काट्यावरच्या पोराला डेस्कटॉपवर या स्क्रिप्टचा आयकॉन करून द्या.

---

पूर्णाकाठ

मी स्क्रिप्टच्या ऐवजी पॅचईएलएफ वापरीन, तयार प्रोग्रामच्या फाइलमधे बदल करायचं टूल आहे ते. पॅचईएलएफ --सेट-आरपाथ करून '$ओरिजिन/लिब' टाकायचं, म्हणजे रस्ता प्रोग्रामच्या पोटातच लिहिला जातो, फोल्डर कुठंही हलवला तरी चालतो, कुणी स्क्रिप्ट सोडून सरळ प्रोग्राम चालवला तरी चालतो. ओरिजिनच्या दोन्ही बाजूला सिंगल कोट पाहिजेत नाहीतर शेल डॉलरला स्वतःचं व्हेरिएबल समजून खाऊन टाकतं. मूळ फाइलची कॉपी मात्र आधी बाजूला ठेवा.

---

गोदाकाठ_नांदेड

पूर्णाकाठ भाऊंची पद्धत चांगलीच आहे, मी स्वतःच्या प्रोग्रामला तेच करतो. इथं मला स्क्रिप्ट बरी वाटते ती एवढ्यासाठी की प्रोग्राम दुसऱ्याचा आहे, त्याच्या बायनरीला हात लावला आणि उद्या त्यात काही लायसन तपासणी असली तर नवीन भानगड. ऐन सीझनमधे तो धोका नको.

---

वाळूज_मेंटेनन्स

चांगला धागा चाललाय म्हणून इथंच विचारतो. आमच्याकडं उलटं झालंय. शॉप फ्लोअरवरचा एक पीसी अजून उबुंटू २०.०४ वर आहे, त्याच्यावर मशीनचा डेटा गोळा करायचा नवीन प्रोग्राम टाकला तर लिबसी.एसओ.६: व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड. आमचा एक जण म्हणतो दुसऱ्या नवीन पीसीवरनं लिबसी.एसओ.६ कॉपी करून टाकू. करावं का?

---

पूर्णाकाठ

अजिबात नको, हात जोडून सांगतो. लिबसी म्हणजे सगळ्या सिस्टिमचा पाया, एलएस, सीपी, सुडो, बॅश सगळे त्याच्यावर उभे आहेत. ती फाइल बदलली आणि लोडरशी जुळली नाही की पुढची एक कमांड चालत नाही, परत जागेवर ठेवायला सीपी पण चालत नाही, मग लाइव्ह यूएसबी लावूनच दुरुस्ती.

२०.०४ मधे जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ मधे २.३५, २४.०४ मधे २.३९. जुन्यावर कंपाइल केलेलं नव्यावर चालतं, नव्यावर केलेलं जुन्यावर नाही, ही एकच दिशा लक्षात ठेवा. लातूरवाल्यांचा जुना प्रोग्राम म्हणूनच २४.०४ च्या लिबसीवर काही कुरबूर न करता चालला. तुमच्यासाठी रस्ते तीन, प्रोग्रामवाल्यांना सांगा २०.०४ वर बिल्ड करून द्या, नाहीतर डॉकरमधे (प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट वेगळ्या डब्यात चालवायची सोय) २२.०४ ची इमेज घेऊन त्यात चालवा, नाहीतर पीसीच अपग्रेड करा. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ च्या मे मधे संपलाय, त्यामुळं मी तर अपग्रेडच म्हणीन, पण प्रॉडक्शनचं मशीन आहे तर सुट्टीच्या दिवशी आणि डिस्कची पूर्ण इमेज काढून मगच.

---

बोरी_ते_बंगलोर

मला पण एक. पायथनमधे क्यूटी ६ (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) वापरून कॉलेजचा प्रोजेक्ट करायलोय, चालवला की कुड नॉट लोड द क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगिन एक्ससीबी, इव्हन दो इट वॉज फाउंड. सापडलं पण म्हणतंय अन लोड होईना पण म्हणतंय. एलडीडी पायथनला लावलं तर सगळं बरोबर.

---

गोदाकाठ_नांदेड

बाळा, एलडीडी फक्त तेच दाखवतं जे प्रोग्रामच्या फाइलमधे आधीपासून लिहिलंय. प्लगिन हे प्रोग्राम चालू झाल्यावर मागून डीएलओपन नावाच्या फंक्शननं उघडले जातात, ते एलडीडीला दिसत नाहीत. प्लगिन सापडला, पण प्लगिनला लागणारी लायब्ररी नाही, असा त्या मेसेजचा अर्थ. क्यूटी ६.५ पासून लिबएक्ससीबी-कर्सर० लागतं, बहुतेक तेच राहिलंय:

सुडो एप्ट इन्स्टॉल लिबएक्ससीबी-कर्सर०

नाही जमलं तर क्यूटी_डीबग_प्लगिन्स=१ पुढं लावून चालव, कोण अडलंय ते नावानिशी सांगतं. आणि क्यूटीचं नसलं तरी कुठल्याही प्रोग्रामला एलडी_डीबग=लिब्स लावता येतं, लोडर कुठं कुठं गेला, काय शोधलं, कुठं मिळालं, सगळा प्रवास छापून देतं. आउटपुट लांब येतं पण शेवटच्या काही ओळींतच उत्तर असतं. पॅकेजचं नाव माहीत नसंल तर एप्ट-फाइल सर्च आणि पुढं लायब्ररीचं नाव, कुठल्या पॅकेजमधे आहे ते कळतं, आधी एप्ट-फाइल इन्स्टॉल करून एप्ट-फाइल अपडेट मारावं लागतं.

एक अजून सगळ्यांसाठी, कुठून तरी आलेल्या, भरवशाच्या नसलेल्या फाइलला एलडीडी लावू नका. काही वेळा एलडीडी त्या फाइललाच चालवून यादी काढतं. तिथं ऑब्जडम्प -पी आणि ग्रेप नीडेड वापरा, ते नुसतं वाचतं, चालवत नाही.

---

बोरी_ते_बंगलोर

लिबएक्ससीबी-कर्सर० नं झालं सर, विंडो उघडली. लै आभार.

---

मोंढ्यातला_लातूर

गोदाकाठ सर, पूर्णाकाठ दादा, काटा चालू झाला. डायलआउट केलं, लॉगआउट लॉगिन केलं, सेटिंगमधे टीटीवाययूएसबी० टाकलं अन वजन यायला लागलं. लगेच भरवसा ठेवला नाही, एक रिकामा ट्रॅक्टर अन एक भरलेली गाडी घेऊन इंडिकेटरवरचा आकडा अन स्क्रीनवरचा आकडा लावून बघितला, बरोबर जुळला, मगच छापील पावती चालू केली. स्क्रिप्टचा आयकॉन पण करून दिलाय, काट्यावरचा पोरगा स्वतः चालवायलाय.

आता परत डिस्क बसली तर हे सगळं पहिल्यापासून करायला नको म्हणून बॅकअप कसा घेऊ, पेनड्राइव्ह तर लिंका खातंय म्हणता?

---

पूर्णाकाठ

अभिनंदन, आणि वजन जुळवून बघितलं हे फार चांगलं केलंत.

पेनड्राइव्ह तोच वापरा, फक्त फोल्डर मोकळा टाकू नका, टारमधे बांधून टाका, टारच्या आत लिंका आणि परमिशन दोन्ही जशाच्या तशा राहतात:

सुडो टार -सीझेडएफ काटा-बॅकअप.टार.जीझेड /ऑप्ट/काटा

डेबियनचे ते दोन डेब पण सोबत ठेवा. आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमधे एवढं लिहा: आय३८६ आर्किटेक्चर लावलं, कोणते पॅकेज टाकले, डायलआउट ग्रुप, पोर्टचं नाव. /ईटीसी मधलं काही बदललं असंल तर ते पण. ती फाइल पावतीच्या डेटाबरोबरच ठेवा, म्हणजे शोधायला लागत नाही. डेटाचा बॅकअप मात्र रोज संध्याकाळी काटा बंद करताना घ्या, प्रोग्रामचा एकदा घेतला तरी पुरतो.

---

मोंढ्यातला_लातूर

आत्ताच टार करून टाकलं. पावत्यांचा डेटा /ऑप्ट/काटा/डेटा मधेच हाय, त्याचं रोजचं क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवतं ते) लावीन, तिथं अडलं तर वेगळा धागा काढून विचारतो.